सव्वापट

१

पोस्टमनकाकांची किडनी सुधारली, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली.

आता कुणाची किडनी सुधारली तर त्यात भानगड कसली, असं कुणीही म्हणेल. इस्पितळातही सगळे तसंच म्हणाले. काका दर सहा महिन्यांनी तळमजल्यावरच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात यायचे, किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन घ्यायचे, कॅमेऱ्याच्या पलंगावर अर्धा तास उताणे पडायचे आणि आपला आकडा घेऊन घरी जायचे. आकडा म्हणजे दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळतात, तो. आधी अठ्ठेचाळीस, मग सेहेचाळीस, मग त्रेचाळीस. म्हातारं माणूस जिना उतरतं तसा तो आकडा सावकाश उतरत होता. या खेपेला मात्र आला एक्कावन्न.

"हल्ली मी पाणी जास्त पितो," काका खुशीत म्हणाले. "आणि बायकोचं ऐकतो."

"दोन्हींचा उपयोग होतो काका," विभागातली फिजिसिस्ट म्हणाली, "पण एवढा नाही."

कॅमेरा खरं बोलतो की थापा मारतो, हे रोज तपासणं हे या बाईचं काम. पाठीमागे सगळे तिला शंकाबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा तिला रागही नव्हता, कारण शंका घेण्याचाच तिला पगार मिळत होता. काका गेल्यावर तिने रजिस्टर ओढलं आणि बोट ठेवून एकेक ओळ मागे वाचत गेली. गेल्या तीन आठवड्यांत सतरा जणांची तपासणी झाली होती. त्यांतले सहा जुने पेशंट होते, म्हणजे त्यांचे आधीचे आकडे हाताशी होते. सहाच्या सहा जणांचा आकडा चढला होता. एकाचाही उतरला नव्हता.

किडनी एकदा खराब व्हायला लागली की ती अशी माघारी फिरत नाही. एखादीच्या बाबतीत चमत्कार झाला तर समजू शकतो. सहा जणांनी मिळून चमत्कार करायचं ठरवलं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. शंकाबाईला भूक लागली होती, पण डबा तिने तसाच बाजूला सारला.

मग तिची नजर आणखी एका ओळीवर गेली. शिवणकाम करणारी एक बाई, वय सत्तेचाळीस, आकडा ब्याण्णव. शेरा होता: दाता म्हणून योग्य. ऑपरेशन परवा सकाळी.

२

"म्हणजे तुमची तक्रार अशी, की पेशंट बरे होतायत," विभागाचे मोठे डॉक्टर म्हणाले.

"तक्रार नाही सर. शंका आहे."

"ती तर तुम्हाला असतेच."

"किडनी केसांसारखी परत उगवत नाही सर."

"केससुद्धा उगवत नाहीत," टकलावर हात फिरवत डॉक्टर म्हणाले. पण रजिस्टर पुढ्यात आल्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "ही शिवणवाली आपली एक किडनी भावाला देणार आहे. आपल्याकडे ऐंशीच्या खालच्या माणसाला दाता म्हणून घेत नाहीत. आकडे खरंच फुगलेले असले, तर या बाईकडे देण्याइतकं मुळात शिल्लकच नसेल. आज एक दिली तर उद्या म्हातारपणी तीच डायलिसिसच्या खुर्चीत बसेल."

"म्हणूनच आले."

"मग परत तपासा तिला."

"त्याच कॅमेऱ्यावर? परत ब्याण्णवच येतील."

डॉक्टरांना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच ते वैतागले. "हे बघा, तिच्या भावाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. परवाची वेळ हुकली तर पुढची दोन महिन्यांनी. नुसत्या शंकेवर मी शस्त्रक्रिया थांबवू शकत नाही. उद्या दुपारपर्यंत मला सांगा, आकडा कोणी फुगवला आणि कसा."

ती बाहेर पडली तर दाराशी सिस्टर उभी. विभागातली इंजेक्शनं हीच द्यायची, आणि विभागातल्या बातम्याही हीच द्यायची. "मॅडम, मी काही सांगितलं नाही हं," ती हळूच म्हणाली. "पण तपासणीच्या आदल्या दिवशी ती शिवणवाली घड्याळाला भेटायला आली होती. दार लावून बोलत होते दोघं."

३

घड्याळ म्हणजे कॅमेरा चालवणारा टेक्निशियन. नऊचा पेशंट त्याने नऊ वाजून एक मिनिटाने कधी पलंगावर घेतला नव्हता. प्रश्न ऐकल्यावर त्याने हातातला कागद खाली ठेवला आणि तो कोपऱ्याशी सरळ केला.

"आली होती," तो म्हणाला. "मला म्हणाली, दादा, थोडं कमी पडलं तर सांभाळून घ्या. मी म्हटलं, ताई, मी मोजणारा माणूस, भर घालणारा नव्हे. मग रडायला लागली. बाहेर लोक बसले होते, म्हणून दार लावलं. पाणी दिलं. झालं एवढंच."

"आणि मग तिचा आकडा ब्याण्णव आला."

"मॅडम, मला तिचा आकडा वाढवायचा असता तर मी तिच्या एकटीचा वाढवला असता. पोस्टमनकाकांची मी कशाला सेवा करू?"

शंकाबाई यावर लगेच विरघळली नाही. एक झाड लपवायचं तर भोवती रान उभं करावं, असंही कुणी करू शकतो. पण तारखा काही जुळेनात. आकडे चढायला लागून तीन आठवडे झाले होते आणि शिवणवालीचं नाव पुढे येऊन उणेपुरे दहा दिवस. जिचं नावही कुणी ऐकलेलं नाही तिच्यासाठी रान लावत बसणार कोण? घड्याळ सुटला.

तिने सिस्टरला गाठलं. "औषध शिरेत जाण्याऐवजी आजूबाजूला गळलं, असं कधी?"

"माझ्या हातून?" सिस्टरने कमरेवर हात ठेवले. "मॅडम, तुम्हीच शिकवलंय आम्हाला. औषध दंडात अडकलं तर किडनीपर्यंत कमी पोचतं आणि आकडा पडतो. इथे तर चढलाय. माझ्यावर घ्यायचंच असेल तर निदान उलटं पाप तरी घालू नका."

बोलणं बिनतोड होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची पाळी येणार असं दिसायला लागलं. जाता जाता सिस्टर म्हणाली, "मला विचाराल तर त्या इंजिनिअरला धरा. कॅमेरा उघडून सगळं आतलं बाहेर काढून बसला होता की तो. कधी बरं? हां, तीन आठवडे झाले. शनिवार होता."

शंकाबाईने रजिस्टर उघडलं. पहिला फुगलेला आकडा त्याच्या पुढच्या सोमवारचा होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली आणि तिने कॅमेऱ्याची पुन्हा कसून तपासणी केली. कॅमेरा निर्दोष निघाला. मग ती तिथेच स्टुलावर बसून राहिली, कारण तिच्या ध्यानात आलं की आपण उगाचच त्याच्या मागे लागलो होतो.

आकडा निघतो तो भागाकारातून. वर असतं किडन्यांमध्ये पोचलेलं औषध. खाली असतं टोचलेलं सगळं औषध. दोन्ही एकाच कॅमेऱ्याने मोजायचं: आधी भरलेली सिरिंज, मग माणूस, शेवटी रिकामी सिरिंज, कारण तिच्यात उरलेलं वजा करावं लागतं. कॅमेरा आंधळा झाला असता तर त्याला किडन्याही अंधुक दिसल्या असत्या आणि सिरिंजही. भागाकार जिथल्या तिथे राहिला असता. फक्त एकाच गोष्टीने सगळ्यांचा आकडा वर जाऊ शकतो. किडन्या नीट दिसतायत आणि सिरिंज तेवढी फिकी दिसतेय.

सिरिंजला दोन साक्षीदार होते. औषध भरल्यावर ती आधी तयारीच्या खोलीत विहिरीसारख्या खोल मापयंत्रात मोजली जायची आणि नंतर कॅमेऱ्यावर. शंकाबाईने दोन्ही नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. वर्षभर दोघांचं गळ्यात गळा घातल्यासारखं जमत होतं. तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारपासून फाटलं. मापयंत्र म्हणत होतं पाच, आणि कॅमेरा म्हणत होता चार. रोज, प्रत्येक सिरिंजला.

चाराने पाचाला भागलं की सव्वा. म्हणून सगळं शहर सव्वापट निरोगी झालं होतं.

तिने शिवणवालीच्या ब्याण्णवला सव्वाने भागून पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. उत्तर चौऱ्याहत्तरच्या आत होतं.

आता प्रश्न एवढाच उरला, की तयारीच्या खोलीपासून पलंगापर्यंत पंधरा पावलं, त्या पंधरा पावलांत पाचवा हिस्सा गिळतं कोण? नऊ वाजले. घड्याळाने पहिल्या पेशंटची सिरिंज आणली. शंकाबाई भिंतीला टेकून पाहत उभी राहिली. त्याने नेहमीसारखा पलंगावर एक खोका ठेवला, खोक्यावर सिरिंज ठेवली आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याचा डोळा पलंगाखाली. सिरिंज डोळ्याच्या अगदी जवळ ठेवायची नाही असा नियम, म्हणून हा वीतभर उंचीचा थर्मोकोलचा खोका, वरून निळं रेक्झीन. किरणांना थर्मोकोल म्हणजे हवाच, म्हणून तर तो निवडलेला. गेली चार वर्षं तोच.

पलंग सरकला आणि जागेवर जाऊन थांबला. खोका हललासुद्धा नाही.

शंकाबाई भिंतीपासून सुटली. हा खोका पूर्वी डगमगायचा. पलंग थांबताना झटका बसला की एका बाजूला कलायचा, आणि दोन महिन्यांपूर्वी तर सिरिंजसकट खाली पडला होता. "मोजून झालं की तो मला द्या," ती म्हणाली.

घड्याळाने दिला. ती एका हाताने घ्यायला गेली आणि दुसरा हात लावावा लागला.

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. तळाचं रेक्झीन उसवल्यावर आत थर्मोकोलला सुबक खाच पाडलेली, आणि खाचेत तळाएवढा लोखंडी पत्रा चिकटवलेला. जाडी म्हणाल तर दीड मिलिमीटर. खालून बघणाऱ्या कॅमेऱ्याला सिरिंज या पत्र्याआडून बघावी लागत होती. शंकाबाईने एक सिरिंज पत्र्यासकट मोजली आणि पत्रा काढून मोजली. चार आणि पाच.

"इतकं नीट काम इथे एकच माणूस करतो," सिस्टर म्हणाली.

मिस्त्रीमामा विभागाचे शिपाई. खुर्चीचा पाय, दाराची कडी, सिस्टरच्या चपलेचा अंगठा, सगळ्यांवर त्यांच्याकडे उपाय असायचा. पत्रा टेबलावर पाहून ते आधी हसले, आपलं काम ओळखीचं वाटलं म्हणून. मग सगळ्यांचे चेहरे पाहून हसू मावळलं.

"मीच बसवला," ते म्हणाले. "त्या दिवशी खोका पडला, औषध सांडलं, दोन तास खोली बंद ठेवावी लागली. बिचाऱ्या घड्याळाला लेखी ताकीद मिळाली. चूक त्याची नव्हती हो. बूड हलकं असलं की वस्तू पडणारच. इंजिनिअर आला त्या शनिवारी पेशंट नव्हते, म्हटलं करून टाकू. काही चुकलं का?"

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? पत्राच तर आहे. कॅमेऱ्याला तर मी बोटसुद्धा लावलं नाही."

शंकाबाईने त्यांना समजावून सांगितलं, जमेल तितकं हळू. पत्र्याने किरण अडतात, म्हणून औषध कमी दिसलं, म्हणून किडन्या चांगल्या दिसल्या. मामांनी सगळं ऐकलं आणि शेवटी एकच विचारलं. "ती शिवणवाली? तिचं पण?"

"तिचं पण."

मामा जवळच्या स्टुलावर बसले. त्यांच्यावर कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी ओरडलं नाही. घड्याळच बोलला. "मॅडम, खोका जड झालाय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हातात घेतला की कळायचंच. मला बरं वाटलं. आता पडणार नाही, एवढंच मनात आलं. तुम्ही लिहाल तेव्हा माझं नाव आधी लिहा."

शंकाबाई दोघांकडे पाहत राहिली. तिच्या हाताखालच्या खोलीत तीन आठवडे हा पत्रा होता आणि रोज सकाळी ती कॅमेरा तपासून समाधानाने चहाला जात होती. "तीन नावं लिहायची आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांत आधी माझं येतं."

मग तिने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "शिवणवालीला आत्ता बोलवा," ते म्हणाले. "बिनपत्र्याचा खोका लावून परत मोजा. बाकीच्या सोळा जणांचं नंतर बघू."

६

शिवणवाली आली ती भांडायच्याच तयारीने. "पास झालेल्या पोराची कुणी परत परीक्षा घेतं का?" पलंगावर आडवी होतानाही ती बोलत होती. अर्धा तास मात्र ती डोळे मिटून पडून राहिली, हात पोटावर ठेवून, जणू आतल्या दोघींना नीट वागायला बजावत होती. भाऊ बाहेर बाकावर बसला होता. तो बस चालवायचा, आता दीड वर्षं घरी होता. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांची पट्टी होती आणि पायांवर सूज.

आकडा आला त्र्याहत्तर.

शंकाबाईने दोघांना आपल्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं, खोका, पत्रा, पाच आणि चार. सांगून संपल्यावर शिवणवालीने विचारलं, "हे तुम्हाला कुणी खोदायला सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"तो पत्रा अजून एक दिवस तिथे राहिला असता तर तुमचं काय जात होतं?"

शंकाबाईकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, आकड्यांसकट होतं. पण समोरच्या बाईच्या हाताच्या बोटांना सुईचे घट्टे पडलेले होते. शंकाबाईला वाईट वाटलं. कालपासून कोडं सुटावं म्हणून ती धावत होती, आणि मनातून तिला मजासुद्धा आली होती. त्या मजेची आता तिला लाज वाटली.

"मी देणार," शिवणवाली म्हणाली. "माझी किडनी, माझा भाऊ. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता, तेव्हा कुणी मला विचारलं होतं का, तुझ्यात ताकद किती आहे म्हणून? कुठे सही करायची तेवढं सांगा. पुढचं पुढे बघून घेईन मी."

"ताई, डॉक्टर घेणार नाहीत."

"मग दुसरे शोधेन."

भाऊ इतका वेळ जमिनीकडे बघत होता. त्याने मान वर केली. "मॅडम, हा आकडा पक्का आहे?"

"पक्का. दोनदा पाहिलाय."

"परत फिरणार नाही ना?"

"नाही."

"मग मला कागदावर लिहून द्या. मोठ्या अक्षरांत, शिक्का मारून. तोंडी सांगितलेलं हिला ऐकूच येत नाही." त्याने बहिणीकडे बोट दाखवलं. "दहा दिवस झाले, मी रोज हिला नको म्हणतोय. हात जोडले, दोन दिवस जेवलो नाही. ही म्हणायची, डॉक्टरांनी पास केलंय, तुझं कोण विचारतो? मी उद्याच्या ऑपरेशनसाठी दाढी करून ठेवली होती मॅडम, आणि मनात म्हणत होतो, उद्या हिला काही झालं तर मी कुठल्या तोंडाने जगू?"

शिवणवाली त्याच्याकडे बघत राहिली. हे सगळं तिने दहा दिवस रोज ऐकलं होतं, पण आत्ता ते तिच्यापर्यंत पोचल्यासारखं दिसलं. "गप्प बस," ती म्हणाली, पण नेहमीचा दरारा त्यात नव्हता. मग पदराचं टोक तोंडाशी धरून ती रडायला लागली.

शंकाबाईने कागद ओढला. त्र्याहत्तर लिहिलं, आकड्यात आणि अक्षरात, खाली लिहिलं की दाता म्हणून अयोग्य, सही केली आणि शिक्का मारला. भावाने कागद हातात घेऊन नीट वाचला. घडी घालून तो खिशात ठेवला आणि वरून एकदा हाताने चाचपला.

"मेलेल्या माणसाची किडनी मिळते त्या यादीत नाव घालायला सांगू डॉक्टरांना," तो बहिणीला म्हणाला. "नंबर येईल तेव्हा येईल. आज तीन वाजता माझं डायलिसिस आहे. चार तास एकटा पडलो की जीव नुसता उबतो. चल ताई. माझ्याशेजारी येऊन बस. मला तेवढं दे."

ती डोळे पुसून उठली आणि तिने त्याची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.